व्याह्यांचा जिल्हा हरावा म्हणून

आमच्या व्याह्यांचा जिल्हा पहिल्याच सामन्यात हरणार, याबद्दल त्या वर्षी कुणालाही तिळमात्र शंका नव्हती. खुद्द जावयालाही नव्हती. "काळजी करू नका, फार तर एक सामना," असं तो छातीठोकपणे सांगून गेला आणि मी मेली भोळी, त्याच्यावर विसंबून राहिले.

नीट सांगते. आमचा जावई आयर्लंडचा. इथे सिंगापुरात हार्बरफ्रंटला एका जहाज कंपनीत नोकरीला आहे. आमची लेक त्याला तिथेच भेटली, दोघांनी परस्पर ठरवलं आणि आम्हाला सांगितलं ते सेंगकांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये, मी पोहे परतत असताना. पोहे करपले. जावई गुणी निघाला, ते वेगळं. त्याचे वडील, म्हणजे आमचे व्याही, तिकडे एका खेड्यात एकटे राहतात. जन्मभर दूध डेअरीत नोकरी केली. बायको मुलाच्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत गेली. ती गेल्यापासून दर शनिवारी संध्याकाळी मी त्यांना व्हिडिओ कॉल करते. तिकडे तेव्हा त्यांची न्याहारी आटपलेली असते. आमचे हे म्हणतात, "तू चौकशी करतेस की उलटतपासणी?" मी म्हणते, माणूस एकटा आहे, काय खाल्लंत म्हणून कुणी विचारायला नको? मी त्यांना "व्याही" म्हणते आणि त्यांना मी "विहीणबाई" म्हणायला शिकवलंय. ते बरोबर म्हणतात, फक्त प्रत्येक वेळी जरा दम घेऊन म्हणतात.

त्या वर्षी तो दम जास्तच घ्यायला लागले. आधी जिना चढताना धाप लागायची, मग फाटकापर्यंत जाऊन यायचं तरी लागायला लागली. तपासण्या झाल्या. हृदयाची एक झडप आकसत चालली होती; छाती उघडून ती बदलायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, लांबवू नका, कधी काय होईल त्याचा भरवसा नाही. ऑपरेशनची तारीखही मिळाली. आणि या गृहस्थांनी ती परत केली! कारण काय, तर हर्लिंगची स्पर्धा. "आमचा जिल्हा स्पर्धेत आहे तोवर मी पलंगावर आडवा होणार नाही. हरले की दुसऱ्या दिवशी बॅग भरतो," असं मुलाला ठणकावून सांगितलं. मुलाने समजावलं, आमच्या लेकीने समजावलं, मी तर तासभर डोकं खाल्लं. पालथ्या घड्यावर पाणी.

हर्लिंग हा खेळ मी तोवर कधी पाहिला नव्हता. हातात चपट्या तोंडाची लाकडी काठी, टेनिसच्या चेंडूएवढा कातडी चेंडू, दोन्हीकडे पंधरा पंधरा दांडगे गडी. चेंडू जाळ्यात मारला तर तीन गुण, वरच्या आडव्या दांडीच्या वरून मारला तर एक. हॉकी आणि विटीदांडू एकत्र करून त्यात गल्लीतलं भांडण मिसळावं, असं काहीसं मला ते पहिल्यांदा वाटलं. खेळणाऱ्यांना पगार नाही. कुणी मास्तर आहे, कुणी सुतार, कुणाचं औषधांचं दुकान. रविवारी डोकं फोडून घ्यायचं आणि सोमवारी कामावर जायचं. पैसे देऊन दुसऱ्या जिल्ह्याचा खेळाडू आणला, असलंही काही चालत नाही. ज्या मातीतला माणूस, त्या जिल्ह्याकडून खेळणार. मग सगळ्या देशातून एक जिल्हा जिंकेपर्यंत सामने, आणि हरला तो घरी. पुन्हा संधी नाही. आमच्या व्याह्यांच्या जिल्ह्याने तो चषक कधी काळी जिंकला होता, तेव्हा ते शाळेत होते म्हणे. त्यानंतर नुसतं हरायचंच काम.

म्हणून आम्ही सगळे निर्धास्त होतो.

पहिल्या सामन्याच्या रविवारी लेक आणि जावई जुरोंग ईस्टहून आमच्याकडे जेवायला आले होते. तिकडची दुपार म्हणजे आमची जेवणं उरकायची वेळ. जावयाने लॅपटॉप टीव्हीला जोडला. "आज हरतील आणि परवा बाबा हॉस्पिटलात," असं म्हणून तो सोफ्यावर बसला. मी आमरसाच्या वाट्या आणेपर्यंत तो सोफ्यावर उभा होता. तोंडाने म्हणत होता, "नको नको, आत जाऊ देऊ नका," आणि पाय उड्या मारत होते. त्याचं जन्मगाव ते, त्याचे शाळेतले सोबती मैदानात. इकडे आड तिकडे विहीर, बिचारा काय करणार? शेवटच्या मिनिटाला त्यांच्या एका लाल केसांच्या पोराने मैदानाच्या अर्ध्यातून चेंडू असा काही हाणला की तो थेट दांडीवरून गेला. जिंकले. जावयाने दोन्ही हात वर केले, मग खाली केले, मग डोकं धरून बसला.

"आई, इट्स ओन्ली वन मॅच ला, रिलॅक्स," लेक म्हणाली. तिचं सगळं शिक्षण इथलं. कितीही गंभीर गोष्ट असो, शेवटी ते इथल्या लोकांसारखं "ला" लावलं की तिच्या लेखी विषय मिटतो. माझा मिटत नाही. शनिवारच्या कॉलवर मी त्या माणसाचे ओठ पाहिले होते. निळसर दिसत होते. लेकीला म्हटलं, उजेड कमी असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून देव पाण्यात घातले.

मी तशी देवभोळी नाही. उपास मला झेपत नाहीत, आणि आरती म्हणताना अर्ध्या ओळी मी गुणगुणते. पण जिवावर बेतलं की देव पाण्यात घालायचे आणि मनासारखं होईपर्यंत बाहेर काढायचे नाहीत, हे मी माहेरी आणि सासरी दोन्हीकडे पाहिलेलं. गणपती, बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा, तिघांना तांब्याच्या पातेल्यात ठेवलं, वरून पाणी ओतलं आणि हात जोडून म्हटलं, "व्याह्यांचा जिल्हा हरू दे. लवकरात लवकर हरू दे. तोवर बसा इथे." आमचे हे दारात चहाचा कप घेऊन उभे होते. म्हणाले, "अगं, पण दुसऱ्या जिल्ह्यातही कुणी देव पाण्यात घातले असतील की जिंकण्यासाठी." मी म्हटलं, त्यांचं त्यांच्यापाशी, तुम्ही आधी आंघोळीला जा.

सिंगापुरात घरात पाणी साठवून ठेवणं म्हणजे काय ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. कुंडीखालच्या ताटलीत डासाची अळी सापडली तरी दंड होतो. नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या ब्लॉकमध्ये डेंग्यूची तपासणी निघाली. हातात टॉर्च घेतलेल्या एक मध्यमवयीन चिनी बाई आल्या. बाथरूम पाहिलं, गॅलरी पाहिली, आणि देवघरापुढे थबकल्या. पातेल्यात टॉर्च मारला. खाली तीन चकाकणारे चेहरे.

"आंटी, धिस वन व्हॉट आह?"

"गॉड्स," मी म्हटलं.

"व्हाय इन वॉटर?"

आता काय सांगू कपाळ! म्हटलं, "अनटिल दे लिसन."

बाईंनी क्षणभर विचार केला. त्यांच्याही घरी कुणी न ऐकणारे देव असावेत. मान हलवून म्हणाल्या, "ओके. बट एव्हरी टू डेज चेंज वॉटर, कॅन?"

"कॅन," मी म्हटलं. तेव्हापासून दिवसाआड देवांचं पाणी बदलायला लागले. ते तेवढ्यापुरते बाहेर येऊ नयेत म्हणून एका हाताने ताजं ओतायचं आणि दुसऱ्या हाताने जुनं काढायचं. फरशी ओली व्हायची, ह्यांचा पाय घसरायचा, आणि वर बोलणी ह्यांनाच बसायची.

दुसरा सामनाही जिंकले.

खरी पंचाईत मात्र त्यानंतर झाली, आणि ती केली जावयाने. पातेलं पाहून त्याने लेकीला विचारलं, हे काय? लेकीने अर्धवट सांगितलं, "आई मॅचसाठी प्रे करतेय." त्याने ह्यातून जो काढायचा तो अर्थ काढला, पातेल्याचा फोटो घेतला आणि बापाला पाठवला. पुढच्या शनिवारी मी कॉल केला तर व्याह्यांच्या स्वयंपाकघरात ही गर्दी! टेबलाभोवती त्यांचे पाच-सहा मित्र, सगळे टोप्या काढून मला नमस्कार करताहेत. आमच्या जिल्ह्यासाठी सिंगापूरची बाई आपले देव बुडवून बसली आहे, ही बातमी सगळ्या गावात झाली होती. व्याह्यांचा चेहरा नुसता फुलला होता. "विहीणबाई, आता आम्हाला कुणी हरवू शकत नाही," म्हणाले, आणि एवढं बोलून झाल्यावर टेबलाची कड धरून श्वास घेत राहिले. ते मित्रांपैकी कुणाच्या लक्षातही आलं नाही. मी नुसती हसले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती!

पुढच्या आठवड्यात कुरिअरने त्यांच्या जिल्ह्याच्या रंगाचा लोकरी मफलर आला. देवांसाठी. सिंगापूरच्या उकाड्यात लोकरी मफलर! मी तो कपाटात टाकला आणि ह्यांच्यावर उखडले, कारण जावयावर उखडता येत नाही.

त्यानंतर माझं कशात लक्ष लागेना. भाजी आणायला जायचे ती कोथिंबीर विसरून यायचे. एलआरटीच्या छोट्या गाडीत बसले की दोन स्टेशनं पुढे जायचे, आणि ती गाडी गोल फिरते म्हणून बरं, नाहीतर कुठे पोचले असते कोण जाणे. फोन वाजला की हातातलं टाकून धावायचे. रविवार आला की जेवण उतरायचं नाही. टीव्हीपुढे बसायचे तेव्हा समोरच्या जिल्ह्याचं नावही मला उच्चारता यायचं नाही, पण मनात म्हणायचे, हाणा रे बाबांनो, घाला एकदाचा तो चेंडू जाळ्यात. आणि हे लोक काय करायचे, तर जिंकायचे! इतक्या वर्षांत कधी जिंकले नाहीत ते. वर्तमानपत्रात छापून येत होतं, जावई मोठ्याने वाचून दाखवायचा, चमत्कार म्हणून. त्याचा आवाज आनंदाने सुरू व्हायचा आणि वाक्य संपेपर्यंत पडायचा.

उपउपांत्य सामना जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी व्याही अंगणात पडले. आम्हाला हे त्यांनी सांगितलं नाही, शेजारणीने जावयाला कळवलं. फाटकाला जिल्ह्याचं निशाण बांधायला गेले आणि तिथेच कोसळले. मिनिटभर शुद्ध नव्हती. हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले, आता घरी जाऊच नका, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन करून टाकू. म्हाताऱ्याने सही केली आणि स्वतःच्या जबाबदारीवर घरी आला. उपांत्य सामना घरच्या खुर्चीतच बघणार म्हणे. जावई ते सांगताना आमच्या गॅलरीत पाठमोरा उभा होता. खाली व्हॉइड डेकमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, कुणाच्या तरी लग्नाची मलय गाणी लागली होती. तो म्हणाला, "आई, मी लहान असताना त्यांनी मला खांद्यावर बसवून मॅचला नेलंय. आता त्यांची टीम हरावी असं वाटतं आणि लाज वाटते." मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. दुसरं काय करणार?

उपांत्य सामना जिंकले. दोन गुणांनी.

त्या रात्री मी देवांपुढे जाऊन बोलले ते छापण्यासारखं नाही.

शनिवार येईपर्यंत मी थांबले नाही. सोमवारी दुपारी पोळ्या अर्ध्यावर टाकून कॉल लावला. तिकडे उजाडलं होतं. व्याही खुर्चीत होते. रात्री पलंगावर आडवं झालं की गुदमरायचं, म्हणून खुर्चीतच झोपत होते. पायावर सूज आलेली, चपला सुटलेल्या. माझा चेहरा पाहिला आणि म्हणाले, "विहीणबाई, आपण फायनलला! तुमचे देव..."

"चुलीत गेली तुमची फायनल!" मी मराठीतच ओरडले, मग इंग्रजीत ओरडले. "ऐका व्याही. ते देव मी तुम्ही जिंकावं म्हणून घातलेले नाहीत. तुम्ही हरावं म्हणून घातलेत. पहिल्या दिवसापासून. तुमचा जिल्हा हरावा, तुम्ही हॉस्पिटलात जावं, एवढंच मागतेय मी रोज. आणि तुमचे ते लाल केसांचे गाढव जिंकताहेत!"

आमचे हे हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागले. पडद्यावर व्याही हलेनात. मला वाटलं, फोन अडकला. मग त्यांनी पापण्या मिटल्या आणि उघडल्या.

"हरले असते तरी मी गेलो नसतो," ते म्हणाले. "दुसरं काहीतरी काढलं असतं. गवत कापायचंय, कौलं बघायचीत, काहीही."

मी गॅस बंद केला.

"माझी बायको स्वतःच्या पायांनी आत गेली होती," ते म्हणाले. मधे मधे श्वास घेत होते. "स्वतःची बॅग स्वतः उचलून. साधं ऑपरेशन. मला घरी पाठवलं. म्हणाली, कपडे वाळत घातलेत, पाऊस आला तर आत घे. पाऊस आला. मी आत घेतले. घड्या घातल्या, कपाटात ठेवल्या. मग फोन आला." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "त्याच दारातून आत जायचंय मला. भीती वाटते हो. मुलाला कसं सांगू?"

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि हातातलं पीठ तसंच, म्हणून पुसताही येईना. भीती वाटू देऊ नका, असं कसं म्हणू? त्यांच्या जागी मी असते तर पलंगाखाली लपून बसले असते.

मग मला काय सुचलं कोण जाणे. म्हटलं, "व्याही, आमच्यात लग्नात विहिणीचा मान असतो. तिने मागितलं ते द्यावं लागतं. नाही दिलं तर ती भरल्या पंगतीतून उठून जाते, आणि दोन्ही घरांची शोभा होते. तुमच्या मुलाचं लग्न रजिस्टर झालं, माझा मान राहून गेला. आता मागते."

खरं तर हा मान मुलाच्या आईचा. मुलीच्या आईने तो द्यायचा असतो, मागायचा कधीच नसतो. आमचे हे माझ्याकडे आ वासून बघत होते. मी त्यांच्यावर डोळे वटारले.

व्याही खुर्चीत जरा ताठ झाले. "मला कुणी सांगितलं नाही हो," म्हणाले. "काय द्यायचं असतं? साडी?"

"साडी नको. पुढच्या आठवड्यातली तारीख घ्या. तुमचा मुलगा उद्याच्या विमानाने निघेल, आत जाताना तुमची बॅग तो उचलेल. तो घरी जाणार नाही, कितीही पाऊस आला तरी. फायनल तुमच्या वतीने मी बघते. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी सांगेन. निकाल तुम्हाला माझ्याखेरीज दुसऱ्या कुणी सांगायचा नाही."

"तुम्हाला फाऊल कळत नाही," ते म्हणाले.

"शिकते."

त्यांनी सुटलेली चप्पल पायाने जवळ ओढली. मग म्हणाले, "ठीक आहे, विहीणबाई."

फोन ठेवल्यावर हे म्हणाले, "अगं, हा मान..." मी म्हटलं, एक अक्षर बोलू नका.

ऑपरेशनच्या दिवशी लेक रजा काढून माझ्याकडे येऊन बसली. जावयाचा मेसेज आला, आत नेलं. त्यानंतर काही नाही. मी डाळींचे डबे काढले, पुसले, परत लावले. पुन्हा काढले. लेक म्हणाली, "आई, बस ना," आणि त्या वाक्याला तिने "ला" लावलं नाही. हे उगीचच हॉकर सेंटरला जाऊन आमच्यासाठी कॉफी घेऊन आले, ती तशीच गार झाली. दिवेलागणीची वेळ झाली, मी समई लावली, जेवणं कुणाला सुचली नाहीत. जावयाचा फोन आला तेव्हा लेकीने तो उचलला, आणि मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती "ओके, ओके" म्हणत होती आणि रडत होती, त्यातून मला काही कळेना. शेवटी मी फोन हिसकावून घेतला. "आई," जावई म्हणाला, "झडप बसली. हृदय आपलं आपण चालतंय." मी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसले ती बसलेच.

मग उठून देव बाहेर काढले, पंच्याने पुसले, जागेवर बसवले.

फायनलच्या रविवारी हे म्हणाले, "आता पुन्हा घालायचे का पाण्यात? जिंकण्यासाठी?" मी म्हटलं, नको, किती त्रास द्यायचा त्यांना. माझी भीती गेली होती, पण नवीनच धाकधूक सुरू झाली होती. संबंध आठवडाभर मी जुन्या मॅचेस बघत होते. फाऊल कधी, फ्री म्हणजे मोकळा फटका कधी, काठी कुठे धरायची, सगळं लेकीने इंटरनेटवरून शोधून मला शिकवलं. सामना सुरू झाला आणि मोसमात पहिल्यांदा मी म्हणाले, जिंका रे! त्या माणसाला सांगायचंय मला. मी सोफ्यावर उभी राहिले. लाल केसांच्या पोराने पहिला गुण घेतला तेव्हा मी अशी किंचाळले की शेजारच्या आंटीने दार ठोठावून सगळं ठीक आहे ना विचारलं. मध्यंतराला पुढे, मग मागे, मग बरोबरी. शेवटच्या क्षणी समोरच्यांना फ्री मिळाली. त्यांच्या माणसाने चेंडू उचलला, मारला, आणि तो दांडीवरून गेला.

एका गुणाने हरले. अख्खा मोसम मी हरा हरा म्हणून जीव टाकला तेव्हा हे लोक वाघासारखे जिंकले, आणि आता, जिंकायला काही हरकत नव्हती, तेव्हा हरले. मी ओक्साबोक्शी रडले. हे शेजारी बसून माझ्या गुडघ्यावर थोपटत राहिले.

सोमवारी दुपारी कॉल लागला. हॉस्पिटल दुसऱ्या जिल्ह्यातलं होतं, तिथल्या कुणाला आमच्या हरण्याजिंकण्याचं सोयरसुतक नव्हतं, म्हणून निकाल बाहेर फुटला नव्हता. केरळच्या एका नर्सने फोन धरला होता. व्याही पलंगावर टेकून बसले होते, छातीशी उशी घट्ट धरून. खोकला आला की टाके दुखू नयेत म्हणून ती देतात. ओठ गुलाबी होते. मी आधी ओठच बघितले. जावई मागे उभा होता, त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं.

"सांगा," व्याही म्हणाले. "पहिल्यापासून."

मी पहिल्यापासून सांगितलं. कुणी पहिला गुण घेतला, गोलकीपरने कसा झोकून देऊन चेंडू अडवला, मध्यंतरानंतर आमचे लोक कसे दमले आणि पुन्हा कसे उठले. ते मधे मधे "हां" म्हणत होते. दम न घेता म्हणत होते.

"मग बरोबरी झाली," मी म्हटलं. "आणि शेवटी पंचाने त्यांना फ्री दिली."

"कशासाठी?"

"तुमच्या लाल केसांच्या पोराने समोरच्याची काठी धरली म्हणून."

"धरली होती?"

"कुठली हो! समोरच्यानेच ह्याची काठी काखेत दाबून धरली होती. मला इथून सिंगापुरातून दिसलं, त्या आंधळ्याला तिथे उभं राहून दिसलं नाही!"

"आणि?"

"गेली दांडीवरून. एका गुणाने, व्याही."

त्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी उशी दोन्ही हातांनी छातीवर आवळली आणि त्या पंचाच्या नावाने अशी काही आरोळी ठोकली की नर्सच्या हातातला फोन हलला, वरचं छत दिसायला लागलं. वॉर्डात कुणीतरी हसलं. नर्स म्हणत होती, शांत, अंकल, शांत, ओरडायचं नाही. फोन परत सरळ झाला तेव्हा ते दुसऱ्यांदा ओरडायला श्वास घेत होते, छाती भरून, पुरा श्वास.

"ओरडा," मी म्हटलं, "ओरडा व्याही, ओरडा."